बिनाका गीतमाला: वहीतलं साल आणि गीतकोशातलं साल जुळत नाही

वहीवाला_तासगाव
आमचे आप्पा गेल्या वर्षी गेले. माळा आवरताना ट्रंकेत त्यांच्या तीन वह्या सापडल्या. बुधवार, रात्री आठ, रेडिओ सिलोन (श्रीलंकेचं स्टेशन), बिनाका गीतमाला, म्हणजे गाजणारी हिंदी सिनेमाची गाणी क्रमवारीने. पानावर तारीख, खाली आकडे आणि गाण्यांचे मुखडे, सगळं हिरव्या शाईत. मधेच एखाद्या आकड्यापुढे नुसतं 'खरखर', म्हणजे तेवढ्यात स्टेशन गेलं असणार. एका पानावर फक्त 'ताईचं बाळंतपण, ऐकलं नाही'. (ते बाळ म्हणजे माझा आतेभाऊ. साठी उलटली त्याची.)

हे सगळं मी टाइप करून ठेवतोय. अडचण अशी, की १९६२ च्या वार्षिक कार्यक्रमात (वर्षभराची क्रमवारी) आप्पांनी पहिल्या नंबरवर 'एहसान तेरा होगा मुझ पर' लिहिलंय. मित्राकडे हमराज यांचा गीतकोश, म्हणजे हिंदी सिनेमाच्या गाण्यांची सूची आहे, त्यात या गाण्याचा पिक्चर 'जंगली' १९६१ चा. आप्पा सोसायटीत हिशेब लिहायचे, साल चुकणारा माणूस नव्हे. पण कोशही असा कसा चुकेल? काय दुरुस्त करू?

नुसता_वाचक
गूगल करा की राव. दोन मिनिटांचं काम.

रेडिओदुरुस्ती_आबा
वहीला हात लावू नका आणि कोशालाही लावू नका. दोघांची कामंच वेगळी. 'जंगली' १९६१ चाच. कोश सांगतो पिक्चर कधीचा, गीतमाला सांगायची गाणं कधी चाललं. वर्षाच्या उत्तरार्धात आलेलं गाणं गाजायला पुढचं वर्ष लागायचं. रेकॉर्डी किती खपल्या ते दुकानांकडून यायचं, गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यायची, मग गाणं एकेक 'पायदान' म्हणजे पायरी चढायचं. कार्यक्रम सादर करणाऱ्या अमीन सयानींचाच तो शब्द. आमच्याकडे पायदान म्हणजे पाय पुसायचं, त्यामुळे लहानपणी फार हसायचो.

आता विषय निघालाच आहे तर. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने सिनेमाची गाणी हद्दपार केली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला. ३ डिसेंबर १९५२ ला गीतमाला सुरू झाली. सयानी विशीला टेकलेले, आठवड्याला पंचवीस रुपये. तेव्हा नंबरबिंबर नव्हते, सातच गाणी वाजवायची आणि क्रम श्रोत्यांनी पत्राने कळवायचा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं! रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. त्यांची ती सोपी हिंदुस्थानी घरातली. आई कुलसुमबेन 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या, एकच भाषा, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. अमीनभाई त्यात मदत करायचे. ते गेले २० फेब्रुवारी २०२४ ला. त्या दिवशी मी दुकानातला जुना मर्फी रेडिओ पुसून ठेवला, बाकी काय करणार.

हमराज मात्र माइकच्या अलीकडचे, आपल्या बाजूचे. कानपूरचे हरमंदिर सिंह. रेडिओवेड्यांसाठी 'लिस्नर्स बुलेटिन' काढायचे. गीतकोश दशकवार केला: चित्रपट वर्षवार, खाली मुखडे, गायक, रेकॉर्डचे नंबर. गंमत म्हणजे १९५१ ते ६० चा खंड आधी आला, १९८० साली, आणि १९३१ ते ४० चा १९८८ ला. माझ्याकडे पन्नासच्या दशकाचा आहे, बाइंडिंग सुटलंय. गिऱ्हाईक गाण्यावरून पैज लावायचं तेव्हा तोच काढायचो.

तुम्ही टाइप करताना दोन रकाने करा: 'चित्रपटाचं साल' आणि 'आप्पांनी ऐकलं ते साल'. 'खरखर' पण टाइप करा.

सुरेल_नागपूर
आबा, सरताज गीताचं बिगुल राहिलं की. ठरावीक आठवडे टिकलेलं गाणं बिगुल वाजवून शर्यतीतून बाहेर काढायचे. आमच्या वाड्यात पोरं तोंडानेच बिगुल वाजवायची.

वहीवाला_तासगाव
आबा, पटलं. लगेच १९५९ चं पान काढलं. पहिलं 'हाल कैसा है जनाब का', आणि 'चलती का नाम गाडी' १९५८ चा. म्हणजे तेही तसंच. दोन रकाने केलेत. बिगुलाच्या जागी आप्पांनी चक्क पिपाणी काढलीय, आत्ता कळलं ती कशाची.

आणखी एक. त्या बाळंतपणाच्या पानावर तारीख आहे बुधवार, १४ नोव्हेंबर १९६२. आतेभावाला फोन केला. दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून १९६२, गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली. तो अठ्ठावन्न पूर्ण म्हणून २०२० च्या मे अखेरीस रिटायर झाला. मिनिटभर गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे सहा महिन्यांचा पगार बुडाला की रे माझा! मामांनी ही वही आधी का नाही दाखवली?"