शब्दचर्चा: तपकिरी बटू, रेषा की पट्टा?

म्हापशेकर: शाळेच्या विज्ञान मंडळासाठी 'ब्राऊन ड्वार्फ'वर, म्हणजे ग्रहाहून जड पण ताऱ्यासारखा हायड्रोजन जाळत राहू न शकणाऱ्या गोळ्यावर, टिपण लिहितोय. तपकिरी बटू की तपकिरी खुजा? बटू म्हटलं की आमच्या मुलांना मुंजच आठवते. आणि त्याच्या वर्णपटातली 'मिथेनची रेषा' बरोबर का?

फोंडेकरीण: बटूच ठेवा. श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) रुळलाय, त्याच्याच पंगतीत बसेल. खुजा हा टोमणा वाटतो. मात्र मुलं तपकिरी म्हणजे चिऱ्याचा रंग समजतील, तर तसं नाही. खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये हे नाव सुचवलं तेव्हा असा एकही बटू सापडला नव्हता. शिव कुमार यांनी आधी 'काळे बटू' म्हटलं होतं, पण ते नाव निवालेल्या श्वेत बटूंनाही लावत.

डिचोलीकर: 'मिथेनची रेषा' नको. अणूने प्रकाश शोषला की वर्णपटात बारीक काळी रेघ उमटते. रेणू थरथरतो, गिरक्या घेतो, म्हणून त्याच्या असंख्य रेघा दाटीवाटीने येऊन रुंद पट्टा होतो. तेव्हा लिथियम अणू, त्याची शोषणरेषा (६७०.८ नॅनोमीटर, लाल भागात); मिथेन रेणू, त्याचा शोषणपट्टा (अवरक्तात, म्हणजे लालपलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशात). ग्लीझ २२९ बी या बटूत १९९५ मध्ये हेच पट्टे दिसले. खऱ्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर इतकी उष्णता असते की मिथेन टिकतच नाही, कार्बन ऑक्सिजनला धरून राहतो.

म्हापशेकर: छान. मग 'लिथियम दिसलं, म्हणजे तपकिरी बटू' असं लिहू?

डिचोलीकर: नको हो सर! कोवळ्या ताऱ्यातही लिथियम असतं, अजून जळायचं असतं. लहान तारे आतून पूर्ण ढवळले जातात, त्यामुळे साधारण दहा कोटी वर्षांत पृष्ठभागावरचंही गाभ्यात जाऊन संपतं. गुरूच्या सुमारे ६५ पटींहून हलक्या बटूचा गाभा तेवढा तापतच नाही, त्याचं लिथियम उरतं. म्हणजे वय माहीत हवं. कृत्तिकांचं वय ठाऊक होतं, म्हणून तिथल्या तैदे १ या गोळ्यात लिथियम सापडलं तेव्हा तो तपकिरी बटूच, असा निकाल लागला. 'लिथियम चाचणी' लिहा, 'लिथियमचा पुरावा' नको.

फोंडेकरीण: आणि मिथेन तर गुरूवरही आहे. त्यावरून 'तारा नाही' एवढंच ठरतं. ग्रह की बटू हे वस्तुमानावर, सीमा गुरूच्या साधारण १३ पट.

म्हापशेकर: ठीक. रेषा लिथियमला, पट्टा मिथेनला. मुंजीचं मी सांभाळतो.