घरच्या इंटरनेट फोनसाठी कंपनी निवडताना आधी काय पाहावे?

कारेलीबागकर:
"फायबरबरोबर फोन फुकटच मिळतो, तेव्हा भाडे कमी असेल त्याचे कनेक्शन घ्यावे," हे इथले परवाचे मत वाचून राहवले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला पूर आला, आमची वीज गेली आणि राउटरचा हिरवा दिवा विझताच आईचा फोनही मुका झाला. जुन्या तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा असे, त्यामुळे अंधारातही डायल टोन येई. फायबरमधून वीज येत नाही. म्हणून कंपनीच्या गल्लीतल्या जोडणीच्या पेटीला वीज लागते का, आणि लागत असल्यास तिला बॅटरी आहे का, हे कंपनीला भाड्याआधी विचारावे.

दांडियाबाजार:
ते मत माझेच होते आणि मी त्यावर ठाम आहे. पूर रोज येत नाही, भाडे मात्र दरमहा भरावे लागते. राउटरला छोटा यूपीएस (वीज गेल्यावर पुरवठा करणारी बॅटरी) जोडला की दोन-तीन तास निभावतात. आणि एका कॉलला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा लागत नसल्याने महागडा वेगही नको.

रावपुरा:
आपण दोघेही नंबर विसरलात. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी २०११ पासून देशभर टिकतो, लँडलाइनला ती सोय नाही. स्वस्ताच्या मोहात आम्ही वडिलांचा ०२६५ या वडोदऱ्याच्या कोडचा जुना नंबर गमावला. पुण्याची आत्या वहीतला तोच नंबर लावत राहिली आणि ती पडल्याचे आम्हाला आठ दिवसांनी कळले.

दांडियाबाजार:
त्यात कंपनीचा काय दोष? नवा नंबर आत्यांना कळवणे तुमचे काम होते.

रावपुरा:
चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला आम्ही दोनदा कळवले होते. बोटांना सवय जुन्याच नंबराची होती. माझ्या घरातल्यांविषयी बोलताना शब्द जपून वापरावेत.

दांडियाबाजार:
शब्द कठोर झाले, ते मागे घेतो. जुना नंबर असलेल्यांनी भाड्यासाठी कंपनी सोडू नये, एवढे मान्य. नवे कनेक्शन घेणाऱ्यांना तो प्रश्न नाही.

कारेलीबागकर:
यूपीएसचे म्हणणे मलाही मान्य करावे लागते, जरी आमची वीज दोन-तीन तासांत आली नव्हती. आईच्या राउटरला तो उद्याच बसवतो, पण गल्लीतल्या बॅटरीचा माझा प्रश्न कायम आहे.

रावपुरा:
दिवाळीत मी आत्याची वही हातात घेतली. जुना नंबर तिने खोडू दिला नाही. त्याच्याखाली नवा मोठ्या अक्षरांत लिहायला लावला.