कंपन्या थेट विकायला लागल्या, मग सायकल दुकानातून घ्यायची की खोक्यातून मागवायची?

मधुरा_पेडल:
नमस्कार मंडळी. हायब्रिड बरीच वर्षं चालवली, आता पहिली कार्बनची रोड सायकल घ्यायचं मनात आहे. मॉडेलपेक्षा विक्रीच्या पद्धतींनीच डोकं भंडावलंय. मला आवडलेल्या तीन सायकलींपैकी एक फक्त कंपनीच्या साइटवर मिळते आणि खोक्यात बसून घरी येते. दुसरीचे पैसे साइटवर भरायचे, पण सायकल दुकानातून उचलायची. तिसरी ज्या दुकानात मिळते, ते दुकान आता कंपनीनेच विकत घेतलंय. पूर्वी एका छपराखाली चार ब्रँड शेजारी शेजारी उभे असायचे, हँडल धरून तुलना करता यायची. तसं दुकान आता शोधावं लागतं.

हे सगळं असं का झालं? मधला माणूस वगळला तर किंमत उतरायला हवी ना? पहिल्या सायकलीची उतरलेली दिसते, दुसरीची अजिबात नाही. आणि खोक्यातून मागवायची हिंमत करावी का?

चेनतेल:
बिनधास्त मागव. अ‍ॅलन की खोक्यातच असतात, व्हिडिओ बघायचा, अर्ध्या तासात सायकल उभी. दुकानदाराची दलाली वाचते त्यात चांगले बूट आणि हेल्मेट येईल. दुकानं बंद पडतायत ती त्यांच्या कर्मानं.

जुना_गल्ला:
चेनतेल, तुमच्या दलालीच्या हिशेबात थोडी भर घालतो. बरीच वर्षं मी चार ब्रँडचं दुकान चालवलं. आता विक्री बंद, फक्त दुरुस्ती. त्यामुळे गल्ल्यावर बसून बोलतोय असं समजू नका.

दुकानदाराला नव्या सायकलीवर ढोबळ मानाने विक्री किमतीच्या एक तृतीयांश सुटायचे. ऐकायला घसघशीत वाटतं. आता ते कशाचे, ते बघा. हंगामाच्या कितीतरी आधी कंपनीचा माणूस पुढच्या वर्षीचा कॅटलॉग घेऊन यायचा. आत्ता एवढ्या सायकली नोंदवल्या तर अमुक सूट, पैसे फेडायला तमुक मुदत. कुठला रंग उचलला जाईल, कुठल्या मापाच्या किती लागतील, हा जुगार माझा. ५४ आणि ५६ ची फ्रेम हातोहात जायची, ६० ची भिंतीवर धूळ खायची. मध्येच कंपनीने नवं मॉडेल जाहीर केलं की तीच सायकल रातोरात 'जुनी' व्हायची आणि मिळेल त्या भावात काढावी लागायची. कारखान्यातून निघालेल्या सायकलीला खरा चालवणारा मिळेपर्यंत तिच्यात कोणाचा तरी पैसा अडकतो. मार्जिनचा मोठा भाग म्हणजे त्या अडकलेल्या पैशाचं भाडं. जोडणी, पहिली मोफत सर्व्हिस, वॉरंटीचा पत्रव्यवहार, हे सगळं त्याच्यावर.

म्हणून विक्रीची कुठलीही नवी पद्धत आली की मी एकच विचारतो: गिऱ्हाईक येईपर्यंत सायकल कोणाच्या मालकीची?

जर्मनीतल्या कोब्लेंझची, थेट विकणारी कॅन्यन म्हणते, आमच्या. माल तिच्या गोदामात, भाव ठरवणार ती, सीझनअखेरची सूट देणार ती. दुकानाचा हिस्सा नाही, म्हणून त्याच पैशात गिअर एक पायरी वरचे मिळतात. २०१७ मध्ये ती अमेरिकेत उतरली, पण त्याच्या आधीच तिथल्या बड्या कंपन्यांना घाम फुटला होता. ट्रेकने २०१५ मध्ये साइटवर विक्री सुरू केली, पण सायकल दुकानात पाठवायची आणि दुकानदाराला जोडणीचा मोबदला द्यायचा, अशी तडजोड काढली. मधुराताई, तुमची दुसरी सायकल या जातीची. तीच सायकल दुकानातही उभी असते. साइटवर ती स्वस्त दिली तर कंपनी आपल्याच विक्रेत्याच्या पोटावर पाय देईल. म्हणून किंमत हलत नाही. स्पेशलाइज्डने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातली माइक्स बाइक्स ही दुकानांची साखळीच विकत घेतली आणि २०२२ पासून अमेरिकेत घरपोच सायकल द्यायला लागली. ट्रेकनेही बरीच दुकानं घेतली. चार ब्रँडच्या भिंती गेल्या त्या अशा. दुकान कंपनीचं झालं की शेजारी प्रतिस्पर्ध्याची सायकल कोण टांगणार?

यात नवं काही नाही, हे मात्र सांगायला हवं. अमेरिकेत श्विनने १९५० च्या दशकात ठरवलं की आपली सायकल निवडक, नेमलेल्या विक्रेत्यांकडेच मिळेल. वितरकाने कोणाला विकावं, कुठल्या भागात विकावं, सगळं कंपनी ठरवणार. सरकारने खटला भरला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ चा निकाल मला फार आवडतो, कारण तो माझ्याच प्रश्नावर उभा आहे. कंपनीने माल वितरकाला विकून टाकला असेल, तर पुढे त्याने तो कोणाला विकावा हे ती बजावू शकत नाही. पण मालकी स्वतःकडे ठेवून फक्त विक्रीला दिला असेल, तर गोष्ट वेगळी. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, एका टीव्ही कंपनीच्या खटल्यात हा कडक नियम मागे घेतला गेला. तरी 'पैसे साइटवर, सायकल दुकानात' ही आजची पद्धत बघा. सायकल कंपनीकडून सरळ तुमच्या मालकीची होते, दुकानदार मध्ये फक्त पाना चालवतो. भाव किंवा सूट, कशावरच त्याचा हात नाही.

आणि निवडक दुकानांनी श्विनचं भलं झालं का? त्या खटल्यातलेच आकडे: १९५१ मध्ये तिचा बाजारातला वाटा २२.५ टक्के, १९६१ मध्ये १२.८. सिअर्ससारख्या मोठ्या विक्रेत्यांना माल देणारी मरे ही कंपनी त्याच दहा वर्षांत ११.६ वरून २२.८ वर. पुढे श्विनच्या सायकली तैवानची जायंट बनवायला लागली, १९८१ मध्ये जायंटने स्वतःचा ब्रँड काढला, आणि १९९२ मध्ये श्विनने दिवाळं जाहीर केलं. आज श्विन मोठाल्या सुपरमार्केटांत मिळते. नेमलेल्या दुकानांचा हट्ट धरणारी कंपनी!

दुकानं 'कर्मानं' बंद पडली म्हणता, तर ऑनलाइनवाल्यांचंही बघा. विगल आणि चेन रिअ‍ॅक्शन या ब्रिटनमधल्या ऑनलाइन दुकानांनी सुट्या भागांच्या भावात दुकानांना लोळवलं होतं. २०२३ मध्ये विगलवरच प्रशासक बसला. साथीच्या काळात सायकली मिळेनाशा झाल्या, सगळ्यांनी भरमसाट ऑर्डरी दिल्या, आणि माल आला तेव्हा मागणी ओसरली होती. ज्यांच्याकडे दुकानदारच नव्हते त्यांना माल ढकलायला जागा राहिली नाही. थेट विकणारी जर्मनीची वायटी २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुगार कुठे गेला नव्हता, फक्त खेळणारा बदलला होता.

रोटर_१६०:
गल्लाकाका, माहिती झकास, पण पारडं जरा दुकानाकडे झुकलंय. मी खोक्यातून मागवलेली सायकल चालवतो. मागचा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा, वाकून आला होता. कंपनीला फोटो पाठवला, कोणीही 'सायकल घेऊन या, बघू' म्हटलं नाही, नवा हँगर टपालाने आला. त्याआधीची सायकल दुकानातून घेतली होती. तिच्या फ्रेमच्या तक्रारीत दुकानदार वितरकाकडे बोट दाखवायचा, वितरक कंपनीकडे, आणि मी मध्ये लोंबकळत.

थेट विक्रीचा एक फायदा कोणी बोलत नाही: सायकल कोणाकडे आहे हे कंपनीला माहीत असतं. मार्च २०२१ मध्ये ल सामॅं शर्यतीत सायकलपटू मॅथ्यू व्हॅन डर पूलच्या कॅन्यन एरोडचं हँडल तुटलं. कॅन्यनने त्या मॉडेलच्या मालकांना सायकल चालवू नका म्हणून कळवलं. विकतानाच प्रत्येकाचा पत्ता हाती आलेला. दुकानातून रोखीने घेतलेल्या सायकलीचं नोंदणीचं कार्ड कोण भरून पाठवतं, सांगा?

जुना_गल्ला:
मुद्दा मान्य. ते कार्ड मी गिऱ्हाइकाकडून जबरदस्तीने भरून घ्यायचो, तरी निम्मे लोक फोन नंबर अर्धवट लिहायचे. आणि वितरकाचं म्हणाल तर त्या टोलवाटोलवीत दुकानदारही तुमच्याइतकाच लोंबकळत असतो.

पण दुसरी बाजू घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानोने ११ स्पीडच्या ड्युरा-एस आणि अल्टेग्रा या श्रेणींतल्या क्रँकची (पेडल ज्याला लागतं तो दांडा) तपासणी जाहीर केली. २०१२ ते २०१९ या काळात बनलेले, दोन भाग चिकटवलेले क्रँक, ते सुटत होते. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ लाख ८० हजार. तपासायचे कुठे? अधिकृत दुकानात. सायकल खोक्यातून आलेली असो की दुकानातून, क्रँक काढून, पुसून, सांधा निरखून बघणारा माणूस पाना घेऊन समोर लागतोच. तसली कामं माझ्याकडेही येतात. जी माणसं एरवी फक्त हवा भरायला डोकावायची, ती रांगेत दिसतात. ई-सायकलींत तर हे फारच बोचतं. ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ जुलै २०२३ मध्ये बुडाली तेव्हा लोकांच्या चांगल्या चालत्या सायकली पंचाईतीत आल्या, कारण बरेचसे भाग तिचे स्वतःचेच, बाजारात दुसरीकडे न मिळणारे.

मधुरा_पेडल:
वाचून प्रश्न वाढले आणि कमीही झाले. समजा पहिलीच, खोक्यातली, मागवली. काय बघायचं ते नीट सांगा ना काका. आणि ऑर्डर करण्याआधी काय विचारायचं?

जुना_गल्ला:
आधी विचारायचं ते: सीटपोस्ट, हँडल, हँगर हे भाग कुठल्याही दुकानात मिळणारे आहेत की त्या कंपनीचेच? मागच्या गिअरसाठी स्रॅम या गिअर कंपनीचा सर्वांना चालणारा हँगर २०१९ पासून आहे. फ्रेम त्याच्यासाठी बनवलेली असेल तर वाकलेला भाग शोधत फिरावं लागत नाही. नसेल तर सायकलीबरोबरच एक जादा हँगर मागवा. वायर आणि ब्रेकच्या नळ्या (होज) हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या सांध्यातून, आत जाणारी सायकल असेल, तर बेअरिंग बदलायला पुढचा सगळा पसारा उकलावा लागतो. त्याची मजुरी आधीच मनात धरा.

सायकल आली की खोकं लगेच फाडू नका, बाहेरून कुठे चेपलंय का त्याचे फोटो काढा. गिअरच्या बाजूवर खोकं आपटलं असेल तर हँगर वाकलेला असू शकतो. तो मुद्दामच मऊ धातूचा करतात, फ्रेम वाचावी म्हणून. डोळ्याला सरळ दिसतो आणि मोठ्या गिअरवर साखळी करकरते. हँगर तपासायची दांडी घरी नसते, ते काम पैसे देऊन मेकॅनिककडून करून घ्या. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) उलटा बसवलेल्या सायकली माझ्याकडे आल्यात. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबणारा भाग) चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे, एवढं बघितलं तरी पुरे. चाक बसवेपर्यंत ब्रेक पॅडमधला प्लास्टिकचा तुकडा काढू नका आणि लिव्हर दाबून बघायचा मोह आवरा, पिस्टन बाहेर येऊन अडकतात. स्टेमचे (हँडल धरणारा भाग) बाजूचे बोल्ट सैल ठेवून आधी वरची टोपी आवळायची, पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवायची, खटखट थांबली की मग बाजूचे बोल्ट. चेनतेल म्हणतात तो अर्धा तास माणसं याच क्रमात घालवतात. कार्बनवर हाताचा अंदाज चालत नाही, बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा टॉर्क पाना हवाच. आकडा स्टेमवर छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

मापाचं तेवढं गंभीरपणे घ्या. एका कंपनीची ५४ ही दुसरीच्या ५४ एवढी असेलच असं नाही. तुमच्या हायब्रिडवरून अंदाज बांधू नका, कोणाची तरी अंगाला बसणारी रोड सायकल मिळवा, तिचे रीच आणि स्टॅक (फ्रेमची पुढची लांबी आणि उंची) कंपनीच्या तक्त्यावरून काढा आणि नव्या सायकलीच्या आकड्यांशी ताडून बघा. परत पाठवायची वेळ आली तर मूळ खोकं आणि आतले पुठ्ठे लागतात, परतीची मुदत उलटेपर्यंत ते माळ्यावर राहू द्या.

चेनतेल:
टॉर्क पाना आज मागवला. बुटांचं पुढच्या महिन्यात बघू.