कालस्फटिकाला द्रव्याची ‘अवस्था’ म्हणावे का?

मांडवीकाठ (पणजी): फोंड्यातील एका विज्ञान प्रदर्शनात परवा एका मुलीने लाऊडस्पीकरवर पाण्याची उथळ ताटली ठेवली होती. आवाज एका मर्यादेपलीकडे वाढला की पाण्यावर चौकड्यांचे तरंग उमटत आणि स्पीकरच्या निम्म्या वारंवारतेने हलत. फॅरडेने हे १८३१ मध्येच नोंदवले आहे. मग ठरावीक काळाने धक्के दिले असता दोन धक्क्यांमागे एकदा मूळपदावर येणाऱ्या क्वांटम प्रणालीला ‘कालस्फटिक’ म्हणून द्रव्याची नवी अवस्था ठरवणे मला अतिशयोक्तीचे वाटते. कालस्फटिकाची मूळ कल्पना, म्हणजे समतोलातच आंदोलत राहणाऱ्या द्रव्याची भौतिकशास्त्रज्ञ विल्चेक यांची २०१२ मधील कल्पना, तर वातानाबे आणि ओशिकावा यांनी २०१५ मध्ये अशक्य ठरवली. उरले ते बाहेरून ढकललेले यंत्र, नाव मात्र तेच.

शामेळ (म्हापसा): ताटलीचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. पाणी आपल्या श्यानतेमुळे (अंतर्गत घर्षणामुळे) स्पीकरची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते, म्हणून तो तरंग स्थिरावतो. बंदिस्त क्वांटम प्रणालीला अशी मोरी नसते. ठरावीक काळाने धक्के बसत राहिले, तर एकमेकांशी गुंतलेले स्पिन (कणांचे सूक्ष्म चुंबकांसारखे क्वांटम गुण) ती ऊर्जा पोटात घेत अखेर अनंत तापमानाच्या निर्गुण स्थितीला पोचावेत, अशीच अपेक्षा असते. खेमानी, लाझारिडिस, मोएस्नर व सोंधी यांनी, आणि पाठोपाठ एल्स, बाउअर व नायक यांनी २०१६ मध्ये दाखवले ते असे, की रचनेत पुरेशी अव्यवस्था असेल तर स्थानबद्धतेमुळे, म्हणजे ऊर्जा प्रणालीत न पसरता जागच्या जागी अडकल्यामुळे, हे तापणे थांबते, आणि प्रत्येक धक्क्याला स्पिन १८० अंशांऐवजी थोडे कमी वळवले तरी दुप्पट आवर्तकाल ढळत नाही. सुट्या स्पिनांत तीच चूक फेरीगणिक साचली असती. चवथीच्या आरतीत घुमट (गोव्यातले मातीचे तालवाद्य) वाजवणाऱ्या एकाचा हात उशिरा पडला तरी बाकीचे त्याला तालात ओढतात, तसे काहीसे. (उपमा लंगडी आहे, वाजवणाऱ्यांना कान असतात.) चूक पचवणारा हा ताठरपणा मला अवस्थेचे लक्षण वाटतो.

मांडवीकाठ: ताठरपणा मान्य, पण टिकाऊपणाचे काय? २०१७ मध्ये मेरीलँडच्या गटाने १० इटर्बियम आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) तो दुप्पट आवर्तकालाचा ठेका पाहिला, तोही शंभराच्या आसपास फेऱ्यांपुरता. त्याच वर्षी हार्वर्डच्या गटाला तो हिऱ्यातील दोषांच्या स्पिनांत दिसला. तेथे तर त्रिमितीतील दूरगामी परस्परक्रियेमुळे स्थानबद्धता अपेक्षितच नव्हती. म्हणजे आपण जे पाहतो ते केवळ मंदावलेले तापणे असू शकते.

शामेळ: म्हणूनच २०२१ मधील गूगलचा २० क्यूबिटांचा (क्वांटम संगणकाच्या मूळ घटकांचा) प्रयोग पाहावा. तेथे तेच परिपथ कालाच्या उलट दिशेनेही चालवून, ठेक्याचा क्षय यंत्राच्या गोंगाटामुळे होतो की प्रणालीच्या आतून, हे वेगळे काढले गेले. शिवाय धक्क्यांची वारंवारता पुरेशी वाढवली तर तापण्याचा काळ घातांकी पटीने लांबतो, हे गणिताने सिद्ध आहे. नेहमीच्या दाबाला हिरासुद्धा ग्रॅफाइटच्या मानाने अस्थिरच आहे, तरी आपण त्याला स्फटिक म्हणतोच.

मांडवीकाठ: हिऱ्याचा मुद्दा मी मान्य करतो. मात्र अनंत मोठ्या प्रणालीत स्थानबद्धता खरोखर टिकते का, यावर तज्ज्ञांतच एकमत नाही, आणि २० क्यूबिटांवरून तो निकाल लागत नाही.