सॉसेज भरायचं मशीन: खिमा दट्ट्याच्या कडेनं वर येतोय

सुदामानगर_किचन (इंदूर)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे तीन लिटरचं उभं सॉसेज फिलर आहे. स्टीलचं भांडं, वरून गिअरनं खाली येणारा दट्ट्या, बाजूला हँडल. मुलगा होस्टेलवरून आला की त्याला घरची चिकन सॉसेज हवी असतात. पाकिटातल्यांत पीठच जास्त लागतं, असं त्याचं म्हणणं.

हल्ली अर्धं भांडं रिकामं झालं की खिमा नळीतून यायच्या ऐवजी दट्ट्याच्या कडेनं वर चढतो. दुसरं म्हणजे हँडल थांबवलं तरी नळीतून खिमा येतच राहतो, आणि गाठ मारेपर्यंत केसिंग (सॉसेजचं बाहेरचं आवरण) फुगून फाटतं. मेंढीच्या आतड्याचं केसिंग वापरते. हँडल इतकं जड जातं की ह्यांना मशीन धरून उभं राहावं लागतं. दट्ट्याच्या कडेची रबरी रिंग बदलू का? आणि तेल कुठलं लावायचं? सध्या घरातलं सोयाबीन तेलच लावते.

बडोदेकर
ताई, अर्धा-एक किलोच करायचं असेल तर मशीन काढूच नका. रुंद नळीचं नरसाळं नि अंगठा पुरतो. आम्ही तेच करतो.

पीथमपूर_टूलरूम (इंदूर)
ताई, रिंगेला पैसे घालायच्या आधी दट्ट्या काढून हातात घ्या. त्याच्यावर एक छोटी टोपी किंवा स्क्रूसारखा भाग दिसेल, तो हवेचा व्हॉल्व्ह. दट्ट्या आणि खिमा यांच्यामध्ये जी हवा सापडते ती इथून वर निघून जायला हवी. त्या भोकात मागच्या खेपेचा खिमा वाळून बसला की हवा कोंडते. खिमा दबत नाही, हवा दबते. तुम्ही हँडल सोडलं की ती पुन्हा पसरते आणि उरलेला खिमा पुढे रेटते. थांबल्यावरही माल येत राहतो हे तुम्ही लिहिलंत, त्यावरूनच माझा पहिला संशय तिथे जातो. नुसती रिंग गेली असती तर दाब कडेनं निसटला असता, साठून राहिला नसता.

व्हॉल्व्ह खोलताना खाली वाटी ठेवा. आत बारीक गोळी किंवा स्प्रिंग असली तर ती मोरीत जाते आणि मग सुटा भाग मिळत नाही. भोक लाकडी टूथपिकनं साफ करा, दाभणानं नको, व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती बैठक ओरखडली की गळती कायमची. साफ झाल्यावर खालच्या बाजूनं फुंकून बघा, हवा सहज वर गेली पाहिजे. मग सगळं साबणानं धुवा.

खिमा भरतानाही हवा शिरते. मूठ-मूठ गोळे करून भांड्यात आपटत भरा, चकलीचं पीठ सोऱ्यात दाबून पोकळी घालवतो तसं. नळीतून खिमा टोकाशी दिसेपर्यंत केसिंग चढवू नका, नाहीतर आधी हवाच भरते.

आता रिंग. तिची कड नखानं चाचपा. चीर असेल, कडक झाली असेल तर बदला. बऱ्याच रिंगांना एका बाजूला पातळ ओठ असतो, तो खिम्याच्या बाजूला यायला हवा, म्हणजे दाब आला की ओठ भांड्याला घट्ट चिकटतो. उलटी बसली तर खिमा वर येणारच. तसलीच रिंग सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे शोधायची तर जुनी सोबत न्या, आणि खाण्याच्या कामाची सिलिकॉनचीच मागा. काळं साधं रबर घेऊ नका.

हँडलला कधीही अंग टाकून जोर लावू नका. मेंढीच्या केसिंगची नळी बारीक, त्यामुळे दाब मुळातच जास्त. त्यात खिमा अर्धवट गोठलेला असला तर गिअरचे दाते जातात, नायलॉनचा गिअर असेल तर फारच लवकर. खिमा थंडगार हवा, पण मऊ. किलोला शंभर मिलीच्या आतबाहेर बर्फाचं पाणी घालून चिकट होईपर्यंत मळा.

सोयाबीन तेल आजच बंद करा. ते हवेत हळूहळू सुकतं आणि त्याचा पिवळट, चिकट थर बसतो. भांड्याच्या आत तो थर नखाला लागला तर हँडल जड जाण्याचं हेही एक कारण समजा. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला देतात तेच. धुऊन पुसलेल्या धातूवर त्याचा हलका हात फिरवा. रिंगेला मात्र लावू नका, काही रबरं त्यानं फुगतात. रिंग भरायच्या वेळी पाण्यानं ओली केली की पुरे.

धुताना आधी गार पाणी. एकदम कढत घातलं तर मांसातलं प्रथिन धातूला चिकटून बसतं. गरम पाणी नि साबण नंतर. दट्ट्या ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा लावू नका, काळा पडतो आणि मग ते काळं खिम्यात उतरतं. बोअरचं पाणी असेल तर कोरड्या फडक्यानं लगेच पुसा. रिंग काढून वेगळी ठेवा, भांड्यात दाबलेली ठेवली की तिचा आकार जातो.

ल्हासुर्डी
चिकनचं मी सांगते. नुसती छाती घेऊ नका, कोरडी होते. मांडीचं मांस थोड्या कातडीसकट घ्या. मीठ किलोला 15 ते 18 ग्रॅम, वजन करून. शिजताना मधोमध 74 अंश सेल्सिअस आलं पाहिजे, साधा किचन थर्मामीटर खुपसून बघा. मंद धुरावर तासन्‌तास ठेवायची असतील तर नायट्राइटचं क्युअरिंग मीठ (मांस टिकवायचं खास मीठ) लागतं, तेही मोजूनच. ताजी करून लगेच शिजवायची असतील तर गरज नाही.

सुदामानगर_किचन (इंदूर)
काका, भोक पूर्ण बुजलेलं होतं! आत दगडासारखा कण. आणि भांड्याला तो पिवळट थरही होता, घासून काढला. आज हँडल एका हातानं फिरलं, ह्यांना बोलवावं लागलं नाही. थांबवलं की खिमा जागच्या जागी थांबतो. एकच विचारते, भिजवलेलं केसिंग उरलं तर?

पीथमपूर_टूलरूम (इंदूर)
पाणी निथळून भरपूर कोरड्या मिठात घोळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी कोमट पाण्यात अर्धा तास, आणि आतूनही नळाखाली पाणी सोडून धुवा, म्हणजे कुठे भोक असेल तर तेव्हाच दिसेल.