मागून धडक बसली, कुणाला लागलं नाही. पोलिसांनी नोंद करायलाच हवी का?

ओढणीवाली_डिकी

मंगळवारी संध्याकाळी सिग्नलला उभी होते. न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मागून धाडकन आवाज, आणि शेजारच्या सीटवरची पर्स थेट पायाशी. उतरून बघते तर बंपर आत गेलेला, डावा टेललाइट फुटलेला, डिकी काही केल्या लागेना. ओढणीने बांधून गाडी घरी आणली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागच्या गाडीतला गृहस्थ तेव्हा अगदी हात जोडून, "मॅडम, ब्रेक वेळेवर लागला नाही हो. खर्च मी देतो, पोलीसबिलीस नको." मी दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, त्याचा नंबर घेतला आणि विश्वास ठेवला.

तिसऱ्या दिवशी गॅरेजचं एस्टिमेट पाठवलं तर सूरच बदललेला. म्हणे मीच गाडी मागे घेतली आणि त्याच्यावर आदळले! गाडीत मी एकटीच, त्यामुळे माझी साक्षीदारही मीच.

मग पोलीस ठाणं गाठलं. ठाणे अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं, पण पेनाचं टोपण काही निघालं नाही. "कुणाला लागलं का? नाही ना? मग एफआयआर होत नाही. विम्यातून करून घ्या." विम्याच्या हेल्पलाइनवाली म्हणते एफआयआर लागत नाही. भाऊ म्हणतो पोलिसांना नाही म्हणताच येत नाही. कोण बरोबर?

कलमबहाद्दर

भाऊ बरोबर. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार, २०१३, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. एफआयआर नोंदवणं बंधनकारक. निकालाची प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवा.

माजी_अंमलदार

ताई, प्रिंट ठेवायच्या आधी थांबा. त्या खुर्चीवर मी बरीच वर्षं काढली आहेत, अशा प्रिंटाही पाहिल्या आहेत. निकाल खरा आहे, पण वाक्य अर्धं सांगितलंय. दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, दिसत असेल तर एफआयआर बंधनकारक, असं ते आहे. तेव्हा आधी बघायचं ते हे की तुमच्या हकिगतीत दखलपात्र गुन्हा आहे का.

निष्काळजीपणाने नुसता पत्रा चेपला, तर तो गुन्हा होतोच असं नाही. नुकसान केल्याचं कलम आहे, पण त्याला हेतू किंवा जाणीव लागते. ब्रेक उशिरा लागणं त्यात बसत नाही. उरतं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २७९. ते दखलपात्र आहे, पण त्यातही माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा इजा होण्याची शक्यता असेल असं बेदरकार चालवणं दिसावं लागतं. सिग्नलला रांगत येऊन टेकलेली गाडी आणि भरधाव येऊन ठोकलेली गाडी यांत फरक आहे. म्हणून अंमलदार सरसकट चूक नाहीत. "कुणाला लागलं नाही म्हणून एफआयआर होतच नाही" हे मात्र चूक. कुणाला इजा झाली असती तर प्रश्नच नव्हता, त्याच संहितेचं इजेचं कलम १२५ लागलं असतं.

आणि एफआयआर झाला म्हणजे तुमचे पैसे मिळाले असं नाही. तो फौजदारी मामला. उद्या त्याने पैसे दिले आणि तुम्ही म्हणालात "साहेब, मिटलं", तरी एफआयआर मागे घ्यायची सोय तुमच्या हातात नसते. बंपरपायी तारखा कोण करणार?

तुम्हाला हवा आहे तो कागद. लोक 'नोंद' म्हणतात आणि चार वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतात. एफआयआर वेगळा, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद वेगळी, स्टेशन डायरीतली नोंद वेगळी आणि तुमचा अर्ज वेगळा. तुम्ही अर्ज द्या, दोन प्रतींत. तारीख, वेळ, सिग्नलचं ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, आपण थांबलेलो होतो हे, आणि तो जागेवर काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. 'भरधाव' शब्द खरा असेल तरच घाला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नाहीच घेतला, तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. शिवाय त्या सिग्नलच्या कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवावं, अशी विनंती त्याच अर्जात करा. ते कायम ठेवत नाहीत, पुसलं जातं. खरं तर अर्जापेक्षा घाई याची आहे.

एक राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तरी चालकाने जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं असतं. ही जबाबदारी चालकाची. "पोलीसबिलीस नको" म्हणणाऱ्याने ती पाळलेली दिसत नाही. अर्जात तेही लिहा. अंमलदारही मग जरा सरळ बसून वाचतात.

कलमबहाद्दर

दखलपात्रची अट मी गाळली, मान्य. प्रिंट मागे घेतो.

बंपर_वाचणारा

विम्याचा सर्वेअर आहे, म्हणजे गाड्यांचं नुकसान तपासणारा. गाडी अजून दुरुस्तीला टाकली नसेल तर टाकू नका! फुटलेल्या टेललाइटचे तुकडेही फेकू नका.

तुमच्या बंपरवर त्याच्या नंबरप्लेटच्या स्क्रूचे दोन खळगे किंवा प्लेटच्या कडेची रेघ उमटली आहे का बघा. असेल तर जमिनीपासून उंची मोजा, टेप बंपरला लावूनच फोटो काढा. जोरात ब्रेक मारलेल्या गाडीचं नाक खाली दबतं. त्यामुळे त्याच्या प्लेटच्या नेहमीच्या उंचीपेक्षा तुमच्यावरची खूण खाली असेल, तर तो ब्रेक दाबत येत होता असं म्हणायला जागा होते. तुम्ही रिव्हर्स घेऊन उभ्या गाडीवर गेला असतात तर त्याचं नाक दबायचं कारण नव्हतं. एवढ्यावर निकाल लागत नाही, पण त्याच्या गोष्टीला भोक पडतं.

विम्याचं म्हणाल तर हेल्पलाइनवालीचं बरोबर. स्वतःच्या गाडीच्या किरकोळ नुकसानीला सहसा एफआयआर मागत नाहीत. चोरी किंवा कुणी जखमी असेल तर गोष्ट वेगळी. मात्र कळवायला उशीर केलात, आजच कळवा. आणि क्लेम करण्याआधी हिशोब मांडा. प्लास्टिकच्या भागांना ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) नसेल तर बंपरची निम्मी किंमत तुमचीच. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. कधीकधी खिशातून भरणं स्वस्त पडतं. मी हे सांगतोय हे आमच्या ऑफिसात सांगू नका.

ओढणीवाली_डिकी

खळगे आहेत! दोन, शेजारीशेजारी, मसुराएवढे. इतके दिवस डिकीकडे बघत होते, खाली वाकून पाहिलंच नव्हतं. जमिनीपासून ४३ सेंटिमीटर. त्याच्या गाडीचा जागेवर काढलेला फोटो आहे, पण त्यावरून उंची कशी काढायची ते कळेना, म्हणून त्याच मॉडेलची एक गाडी आमच्या पार्किंगमध्ये असते तिची मोजली. स्क्रू ४९ वर. शेजारचे काका गॅलरीतून विचारत होते, काय हरवलंय?

अर्ज सकाळी दिला. ड्यूटीवर दुसरे अंमलदार होते. कॅमेऱ्याची ओळ वाचून त्यांनी वर बघितलं आणि शिक्का मारला. फुटेज मिळेल की नाही ते बोलले नाहीत. शिक्क्याच्या प्रतीचा आणि टेप लावलेल्या खळग्यांचा फोटो त्या गृहस्थाला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर नाही. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघते, मग क्लेमचा हिशोब मांडते.