मदत हवी आहे : नवीन लेसर प्रिंटरवर स्टॉक रिपोर्टची उजवी बाजू कापली जातेय (तातडीचं)

कोरा कागद
नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत हवीय. आमच्याकडे पिक या डेटाबेसवरची जुनी सिस्टिम आहे, त्यातला स्टॉकचा रिपोर्ट इतकी वर्षं व्यवस्थित निघत होता आणि प्रिंटर बदलल्यापासून पार वाट लागलीय. उजवीकडचे कॉलम कापले जातात, व्हॅल्यूचा कॉलम तर कागदावर येतच नाही, आणि दर पानामागे एक जवळजवळ कोरं पान निघतं ज्यावर नुसत्या चार ओळी असतात. प्रोग्रामला कोणी हात लावलेला नाही त्यामुळे प्रॉब्लेम प्रोग्राममध्ये नाही. सेटपीटीआर (प्रिंटरची सेटिंग बदलायची कमांड) करून पाहिलं, विड्थ कमी केली की ओळी मोडून खाली येतात, वाढवली तर काहीच फरक पडत नाही. ज्यांनी हे लिहिलं ते रिटायर झालेत. महिनाअखेर आहे, ऑडिटवाले हार्ड कॉपीच मागतात. काय करू? लवकर सांगा प्लीज.

जुना टर्मिनल
पिक म्हणजे नक्की कुठलं? यूनिव्हर्स, यूनिडेटा, डी३, जेबेस? सेटपीटीआर म्हणताय म्हणजे पहिल्या दोघांपैकी एक असावं, डी३ असतं तर एसपी-असाइन म्हणाला असतात. खाली लिनक्स की विंडोज? आधीचा प्रिंटर कोणता होता, आताचा कोणता? आणि रिपोर्ट बेसिकमधून प्रिंट होतो की नुसती लिस्ट कमांड देऊन शेवटी एलपीटीआर (प्रिंटरवर पाठव) लावलंय? एवढं कळल्याशिवाय कोणीही काय सांगणार.

विक्षिप्त बिट
२०२० नंतरही कोणी पिकसारख्या मल्टिव्हॅल्यू डेटाबेसवर काम करतं हे बघून नवल वाटलं. खरा उपाय हवा असेल तर डेटा एसक्यूएलमध्ये आणा आणि रिपोर्टिंग टूल लावा. एका फील्डमध्ये पाच-पाच व्हॅल्यू ठेवायच्या म्हणजे फर्स्ट नॉर्मल फॉर्मच (एका फील्डमध्ये एकच व्हॅल्यू हा नियम) मोडला, मग पुढे असे त्रास होणारच.

अबोली
@विक्षिप्त बिट, कागदावर उजवी बाजू कापली जाण्याचा आणि नॉर्मल फॉर्मचा काय संबंध? टेबलं कितीही नॉर्मलाइज केलीत तरी अशा रुंद रिपोर्टची १३२ अक्षरांची ओळ ए४ वर तेवढीच मावणार. त्यांना महिनाअखेर गाठायचीय, मायग्रेशन करायचं नाहीये.

कोरा कागद
यूनिव्हर्स आहे, लिनक्सवर. आधी डॉट मॅट्रिक्स होता, रुंद कागदाचा. आता साधा ऑफिस लेसर आहे, ए४, पीसीएल ५ (प्रिंटरला कमांड द्यायची भाषा) चालतं असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय. रिपोर्ट बेसिकमधूनच निघतो, प्रिंटर ऑन आणि मग प्रिंट प्रिंट प्रिंट. एसक्यूएलचं नंतर बघू, आत्ता कागद बाहेर काढायचाय.

खुंटी
वेअरहाऊसवार क्वांटिटी वेगवेगळ्या ओळींवर नीट फुटत नसेल तर लिस्टमध्ये बाय-ईएक्सपी वापरा, प्रत्येक व्हॅल्यूची स्वतंत्र ओळ येते आणि टोटलही बरोबर लागते. मला याचा खूप फायदा झालाय, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

जुना टर्मिनल
@खुंटी, ते लिस्ट वापरतच नाहीयेत आणि क्वांटिटीबद्दल काही विचारलेलंही नाही. माहिती चांगली आहे पण इथे गोंधळ वाढेल.

@कोरा कागद, आता चित्र स्पष्ट व्हायला लागलंय. अजून तीन गोष्टी सांगा. एक, ओळ कितव्या अक्षराला कापली जाते ते कागदावर मोजा, अंदाजे नको. दोन, प्रोग्राममध्ये पान कुठे बदलतं, हेडिंग वापरलंय की स्वतःच ओळी मोजून कॅर(१२), म्हणजे पान बदलायचा फॉर्म फीड कोड, पाठवलाय? तीन, स्पूलरच्या ड्रायव्हर स्क्रिप्टमध्ये एलपीला (लिनक्सची प्रिंट कमांड) रॉ ऑप्शन दिलाय का? नसेल तर मधला फिल्टर तुमचे बाइट्स स्वतःच्या मनाने मांडणार आणि प्रिंटरला काहीही सांगितलंत तरी पोचणार नाही.

कोरा कागद
मोजलं, बरोबर ८० अक्षरं येतात. हेडिंग नाहीये, ओळींचा काउंटर आहे, ६४ झाले की कॅर(१२). स्क्रिप्टमध्ये रॉ आहे, सिस्टिमवाल्याने दाखवलं.

जुना टर्मिनल
झालं, सापडलं. ८० अक्षरं आणि चार जादा ओळी, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात : प्रिंटरच्या मेनूत कागद लेटर साइज ठेवलाय, ट्रेमध्ये भले ए४ असो. पीसीएलमध्ये लेटरच्या उभ्या पानावर १० पिचला (इंचाला १० अक्षरं) ८० अक्षरं आणि सहा ओळी प्रति इंचाने ६० ओळी बसतात. तुमचा प्रोग्राम ६४ छापतो, उरलेल्या चार पुढच्या पानावर जातात आणि लगेच फॉर्म फीड येतो. तेच तुमचं कोरं पान. डॉट मॅट्रिक्सवर ११ इंची फॉर्म होता, ११ गुणिले ६ म्हणजे ६६ ओळी, त्यात ६४ आरामात जायच्या. ए४ वर ६४च बसतात, त्यामुळे मेनूत ए४ केलंत की कोरी पानं थांबतील.

रुंदीचं वेगळं आहे. जुन्या प्रिंटरवर अक्षरं बारीक यायची ना? ती आपोआप येत नव्हती, प्रोग्राम कुठेतरी कंडेन्स्डचा कोड पाठवतोय. सेटपीटीआरमध्ये मोड ३ करा आणि रिपोर्ट काढा, म्हणजे तो कागदावर न जाता &होल्ड& फाइलमध्ये पडेल. मग ईडी एडिटरने ते रेकॉर्ड उघडा, कमांडला नुसतं ^ टाइप करून एंटर मारा आणि पहिली ओळ बघा. न दिसणारी अक्षरं आकड्यात दिसतात.

कोरा कागद
पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ^०१५ आहे आणि रिपोर्टच्या अगदी शेवटी ^०१८. हे काय आहे?

अबोली
एप्सन पद्धतीच्या प्रिंटरवर कॅर(१५) म्हणजे कंडेन्स्ड चालू आणि कॅर(१८) म्हणजे बंद. पीसीएलवाल्या लेसरला मात्र १५ म्हणजे फक्त प्रायमरी फॉन्ट घे. तो आधीच प्रायमरीवर असतो त्यामुळे काहीच होत नाही, एररही येत नाही. सोपा उपाय, कॅर(१५) काढून त्याच्या जागी एस्केप अँड के २ एस पाठवा. तेवढ्याने १६.६७ पिच मिळतं, बाकी प्रोग्राम आहे तसा. माझ्याकडे बरेच रिपोर्ट याच पद्धतीने चालतात.

जुना टर्मिनल
अबोली, ए४ उभ्या पानावर ते पुरत नाही. १३२ भागिले १६.६७ म्हणजे ७.९२ इंच. लेटरवर ८ इंच मिळतात म्हणून मावतं, पण ए४ च्या उभ्या पानात पीसीएल साधारण ७.७९ इंचच देतं, म्हणजे १२९ अक्षरं. शेवटची तीन जाणार, आणि यांचा व्हॅल्यू कॉलम नेमका उजव्या टोकाला आहे. रकमेतले शेवटचे आकडे गायब झालेला रिपोर्ट ऑडिटला देणं हे कोरी पानं देण्यापेक्षा वाईट, कारण पटकन लक्षातही येत नाही.

आडवं पान करा, १२ पिच घ्या. १३२ भागिले १२ म्हणजे ११ इंच, ए४ ची लांब बाजू ११.६९, आरामात बसतं आणि वाचायला चष्मा शोधावा लागत नाही.

अबोली
माझ्याकडे लेटरच आहे म्हणून कधी जाणवलं नाही. पण आडवं केलंत की ओळी कमी बसणार, मग काउंटरही बदलावा लागणार आणि रिपोर्टची पानं वाढणार. एवढ्यासाठी सगळा लेआउट हलवायचा?

तिरकी रेघ
मधला मार्ग आहे. उभंच ठेवा पण १७ पिच मागा. १३२ भागिले १७ म्हणजे ७.७६, ए४ मध्ये जेमतेम बसतं. फॉन्ट स्केलेबल कुरिअर हवा, जुना लाइन प्रिंटर फॉन्ट १६.६७ वरच अडकलेला असतो. काउंटर ६४ तसाच राहील.

विक्षिप्त बिट
याच कारणासाठी मी म्हणत होतो की रिपोर्टची मांडणी आणि डेटा वेगळा ठेवा. साधी टेक्स्ट फाइल काढा, त्यावरून पीडीएफ बनवा, मग प्रिंटर बदलला काय आणि राहिला काय.

जुना टर्मिनल
पीडीएफची सूचना मला मान्य आहे, पुढच्या कामासाठी उत्तम आहे. पण मल्टिव्हॅल्यू म्हणजे चुकीचं डिझाइन हे मान्य नाही. १९६५ मध्ये टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीत डिक पिक आणि डॉन नेल्सन यांनी हे मॉडेल उभं केलं तेव्हा काम होतं शायेन हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायचं. एका पार्टला पाच ठिकाणचा साठा असतो तर पाचही व्हॅल्यू त्याच रेकॉर्डमध्ये, कॅर(२५३) ने वेगळ्या केलेल्या, एका वाचनात हातात. यांचा स्टॉक रिपोर्ट नेमकं तेच करतोय.

खुंटी
कॅर(२५३) वरून आठवलं, ग्राहकाच्या नावात लॅटिन-१ मधलं दोन टिंबांचं यू आलं तर तो बाइट २५२ असतो, म्हणजे सबव्हॅल्यू मार्क (व्हॅल्यूच्या आतले भाग वेगळे करणारी खूण), आणि नाव मधेच तुटतं. यूटीएफ-८ मध्ये हा धोका नाही कारण २५१ ते २५५ हे बाइट्स त्यात कधी येतच नाहीत. कोणाची नावं तुटत असतील तर तपासा.

कोरा कागद
नावं नाही तुटत आहेत. मेनूत ए४ केलं, कोरी पानं थांबली, मनापासून आभार. १७ पिचने पूर्ण येतंय पण फारच बारीक, साहेबांनी परत पाठवलं. म्हणून आडव्याचा कोड टाकतोय, नेटवर एक मिळाला, एस्केप अँड एल १० असा काहीतरी. पण पान उभंच येतं, वर हेडिंगचं पहिलं अक्षर पण गायब होतं!! आता हे काय नवीन?

तिरकी रेघ
शेवटी दहा नाहीये. एक आणि त्यापुढे मोठा ओ आहे. पीसीएलची अशी आकडा असलेली कमांड मोठ्या अक्षराने संपते, शून्य पाठवलं तर प्रिंटर अजून आकडाच चालू आहे असं समजून पुढच्या अक्षराची वाट बघतो, आणि हेडिंगचं पहिलं अक्षर त्यातच गिळतो. तसंच अँडनंतर छोटा एल आहे, एक नाही. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. अक्षरं टाइप करूच नका, आकडे लिहा :

प्रिंट कॅर(२७):कॅर(३८):कॅर(१०८):कॅर(४९):कॅर(७९):

शेवटचा कोलन विसरू नका, नाहीतर प्रत्येक कमांडमागे एक रिकामी ओळ जाईल.

जुना टर्मिनल
आणि क्रम पाळा. आधी रीसेट, म्हणजे कॅर(२७) आणि कॅर(६९). मग कागद ए४, मग आडवं, आणि सगळ्यात शेवटी पिच आणि ओळींचं अंतर. दिशा बदलली की प्रिंटर पिच आणि अंतर पुन्हा डीफॉल्टवर नेतो, त्यामुळे १२ पिच आधी पाठवलंत तर ते पुसलं जातं आणि कोड बरोबर असूनही माणूस शोधत बसतो. १२ पिचसाठी एस्केप, डावा कंस, छोटा एस, १२, मोठा एच, म्हणजे २७, ४०, ११५, ४९, ५०, ७२. ओळी आठ प्रति इंच करा : २७, ३८, १०८, ५६, ६८. सहाने आडव्या ए४ वर ४३च ओळी बसतात, आठने ५७ च्या आसपास. काउंटर ६४ चा ५५ करा म्हणजे वरखाली थोडी जागा राहील. हे सगळं झाल्यावर कंपाइल आणि कॅटलॉग दोन्ही करा, कॅटलॉग राहिला तर जुनाच प्रोग्राम चालत राहू शकतो.

सेटपीटीआरमध्ये वरचा-खालचा मार्जिन शून्य आणि एनएफएमटी ठेवा. पानं तुमचा प्रोग्राम पाडतोय, यूनिव्हर्सने वेगळी पाडायला नकोत.

कोरा कागद
आलं!!! सगळे कॉलम, व्हॅल्यूसकट, स्वच्छ. खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. फक्त आता शेजारच्या टेबलावरून त्याच प्रिंटरवर चलन काढलं तर तेही आडवं येतंय, तिथे ओरडा चालू झालाय.

अबोली
रिपोर्टच्या शेवटी जिथे तो जुना कॅर(१८) आहे तिथे तोच रीसेट टाका, २७ आणि ६९, आणि मग प्रिंटर क्लोज. रिपोर्ट मधेच रद्द केला तर शेवटपर्यंत पोचणारच नाही, म्हणून चलनाच्या प्रोग्रामच्या सुरुवातीलाही तोच रीसेट लावा.

जुना टर्मिनल
+१. आणि वेळ मिळेल तेव्हा हे कोड प्रोग्राममधून काढून एका कंट्रोल फाइलमध्ये ठेवा, प्रिंटरच्या नावाने एक रेकॉर्ड, पहिल्या ॲट्रिब्यूटमध्ये सुरुवातीचा कोड, दुसऱ्यात रीसेट, तिसऱ्यात किती ओळींना पान बदलायचं ते. सगळे रिपोर्ट तिथून वाचतील. कोड आकड्यांतच साठवा आणि वाचल्यावर कॅर करा, म्हणजे ईडीमध्ये कोणालाही दिसतील.

कोरा कागद
दोन्हीकडे रीसेट टाकला, चलन उभं आलं. कंट्रोल फाइल ऑडिट संपलं की करतो, कॅर(१५) वाले अजून बरेच रिपोर्ट आहेत असं आत्ता बीपीमध्ये (प्रोग्राम ठेवायची फाइल) शोधल्यावर दिसतंय.